दोन सुतांचा खेळ

पार्सल आलं तेव्हा खोक्यावर परदेशी तिकिटं होती,
आत थर्माकोल, आणि काळं चकचकीत लिंकेज:
दांडा, दोन सांधे, चार बुश,
आणि एक कागद, ज्यावर छापलं होतं की
बसवायला पाऊण तास लागतो.

मला लागला अख्खा श्रावण.

गाडी बासष्टची. दोन माणसांची, कापडी टपाची,
जयसिंगपूरच्या एका तंबाखूवाल्याच्या गोदामात
सतरा वर्षं पोत्यांखाली झोपलेली.
अजून ऊन लागलं की सीटमधून
तंबाखूचा वास उठतो, नि कुमुद शिंकते.
मूळचं सगळं गंजून गेलेलं, म्हणून हे नवं.
नवं म्हणजे काय, तर न्यूट्रलमध्ये मूठ हलवली
की ताकातल्या पळीसारखी फिरायची.
दुसरा मागावा, चौथा मिळावा.
एकदा गंगावेशीत, दुधाच्या म्हशींच्या गराड्यात,
पहिला म्हणून टाकला तो रिव्हर्स निघाला.
मागच्या सायकलवाल्यानं माझ्या चार पिढ्या मोजल्या.

उद्यमनगरात इलाही शिकलगारचं लेथ.
पणजोबा हत्यारांना धार लावायचे,
हा पंपांचे शाफ्ट करतो.
त्यानं लिंकेज कानाजवळ नेलं आणि हलवलं.
टिक. टिक.
"दोन सूत खेळ हाय वो ह्यात."
खेळ. त्याचा शब्द.
"पिन आठची, भोक सव्वाआठाचं. खाली केसभर,
वर मुठीला दोन सूत. लिव्हर म्हंजे चहाडखोर,
केसाचं दोरखंड करून सांगणार."

मग गनमेटलचे बुश. चक फिरलं,
पिवळा बुरा त्याच्या मनगटावरच्या केसांत अडकला.
रीमर त्यानं हातानंच फिरवला,
तेलाचा थेंब सोडत, गालात पान तसंच.
पिन भोकावर ठेवून बोट काढलं,
तर ती पडली नाही.
उतरली. झोप आलेल्या पापणीसारखी.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रविवारी पन्हाळा. "मी पण येतो की," म्हणून
कुमुद शेजारी, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं.
केर्लीपर्यंत गिअर असे पडत होते
की हात मुद्दाम पुन्हा पुन्हा जात होता.
वाघबीळ सोडलं, चढ लागला, दुसरा टाकला, पाय दिला,
इंजिन रबरांवर एका कुशीला वळलं
आणि गिअर खाडकन बाहेर.
परत टाकला. परत बाहेर.
"धरा की त्याला!"
मग तिनंच दोन्ही हातांनी मूठ धरली,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
आणि गड आम्ही असा चढलो:
स्टिअरिंग माझं, गिअर तिचा.

सोमवारी इलाही गाडीखाली आडवा झाला.
"जरा रेस द्या." दिली. इंजिन झुकलं.
खालून हसू ऐकू आलं.
"आवो, लिव्हर बांधलाय बॉडीला,
गिअरबॉक्स डुलतोय इंजिनासंगं.
खेळ होता तवर खपत हुतं.
आपण खेळ काढला, आता वढावढी."
"मग परत सैल करायचं?"
तो सरपटत बाहेर आला, कपाळाला ग्रीस.
"सैल कशाला? लिव्हरलाबी डुलू दे की संगं."

एक आडवा दांडा, अर्ध्या इंचाचा.
एक टोक गिअरबॉक्सच्या कानाला,
दुसरं लिव्हरच्या पायाला,
आणि तो पाया बॉडीपासून सुटा, दोन रबरांवर.
रबरं पंपाच्या कपलिंगची,
त्याच्या टेबलाखाली कधीची पडून.

बिल त्यानं त्या छापील कागदाच्या पाठीवर लिहिलं.
बुश चार, पिना दोन, दांडा एक.
रबरांचे पैसे नाहीत.
वेळेचेही लावले नाहीत.

आता चढावर मूठ तळहातात किंचित हलते,
इंजिन श्वास घेतं तेवढीच,
आणि गिअर बसल्या जागी बसून राहतो.
तरी वाघबीळ मागं पडलं की कुमुद
बोलता बोलता मुठीवर हात ठेवते.
गरज नाही, हे मी
तिला अजून सांगितलेलं नाही.